कुंकवाची वायर

ह्यांनी किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून नुसता टक् असा आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. तिसऱ्या खेपेला तोही आला नाही.

मी मागच्या सीटवर बसले होते. मांडीवर पितळी डबी, तिच्यात आईसाठी अंगारा आणि तुळशीची दोन पानं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, फाटक उघडून धरून उभे होते. त्यांनी फाटक सोडलं तसं ते कुरकुरत आपलं आपण मिटलं.

“काय झालं रे उमा?”

“चालू होईना आप्पा,” हे म्हणाले. उमाकांत ह्यांचं नाव, पण मामंजींना तेवढं लांब नाव घ्यायला कधी सवड झाली नाही.

सकाळीच गडहिंग्लजहून माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा फोन आला होता. फोन ह्यांनीच घेतला, कारण मी बोलत नव्हते. आईच्या पोटात गाठ होती, म्हणून तिला तिथल्या दवाखान्यात ठेवलं होतं. मिरजेचे एक मोठे सर्जन त्या दवाखान्यात अधूनमधून यायचे आणि मागच्याच खेपेला त्यांनी बजावून ठेवलं होतं की पुढच्या वेळी गाठ काढायची, त्यापुढं थांबलात तर माझ्याकडं येऊ नका. ती पुढची वेळ म्हणजे आज. ते अकराला येणार होते आणि हातातली कामं उरकून लगेच परत फिरणार होते. आणि आईनं खाटेवर मांडी घालून सगळ्या दवाखान्याला सांगितलं होतं की इंदू भेटल्याशिवाय मी आत जायची नाही. इंदू म्हणजे मी.

आईचा हट्ट माहीत असलेला कुणीही त्यावर वाद घालायला गेला नसता. काचबिंदूनं तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी देवाचा हार तीच ओवायची. फुलं बोटांनी ओळखायची, आणि कुणी मदतीला गेलं तर सुई मुठीत धरून बसायची. अशा बाईला उचलून स्ट्रेचरवर घालणार कोण?

त्यात जिल्हा बंद होता. एसटी नाही, वडापची जीप नाही. आजऱ्याच्या पेठेत एका दुकानाची फळी उघडी नाही. आमचं घर गावाबाहेर काजूच्या बागेत. दवाखान्याला निघालेल्या खाजगी गाड्या तेवढ्या सोडतायत, असं अण्णा म्हणाला होता. म्हणजे सगळी मदार आमच्या जुन्या फियाटवर.

मी बोलत नव्हते त्याचं असं की, आदल्या संध्याकाळी दिवा लावल्यावर मी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला होता. आई ऑपरेशनच्या टेबलावरून सुखरूप खाली येईपर्यंत मौन. माझे नेम घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, गुरुवारी एकदाच जेवण, चातुर्मासात काही ना काही वर्ज्य. मुळात मी कमी बोलणारी, आणि बोलले तरी पुढच्या खोलीपर्यंत पोचेल असा माझा आवाज नाही, त्यामुळं माझ्या मौनाचं घराला कधी ओझं झालं नाही. पण हे मौन नेहमीचं नव्हतं. ते मी आईच्या जिवाला बांधलं होतं. मोडलं तर काय, हा विचार मी मनातही पुरता होऊ देत नव्हते. लिहून सांगायचीही सोय नव्हती, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणं. मौनाची ही रीत मला आईनंच लहानपणी शिकवलेली.

“हॉर्न दाब बघू,” मामंजी म्हणाले.

हॉर्न पडसं झाल्यासारखा वाजला. दिवे लावले तर समईतलं तेल संपल्यावर वात जशी मिणमिणते, तसे मिणमिणले आणि गेले.

“बॅटरी उतरली,” मामंजींनी निकाल दिला आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

गाड्यांच्या बाबतीत घरात मामंजींचा शब्द शेवटचा असे. तरुणपणी त्यांनी एका चहाच्या कंपनीची व्हॅन सावंतवाडीपासून बेळगावपर्यंत फिरवली होती, घाटात रात्री-अपरात्री स्वतःच दुरुस्त केली होती, आणि त्या गोष्टी आम्हाला जेवताना ऐकाव्या लागत. खोटं का बोलू, त्यांना कळायचंही. बॉनेट उघडल्या उघडल्या त्यांनी बोट दाखवलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरा-हिरवा खार साचला होता, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला येतो तसा. सूनबाई, गरम पाणी आणि खायचा सोडा आणा, म्हणाले. मी धावत जाऊन आणला. सोड्याचं पाणी ओतल्यावर खार फसफसून उतू गेला, खालचं शिसं मोकळं झालं. ह्यांनी पुन्हा किल्ली फिरवली. काही नाही.

मग धक्का मारायचं ठरलं. हे आत बसले, मामंजी एका बाजूला आणि मी एका बाजूला. डबी मी सीटवर ठेवली, पदर कमरेला खोचला. अंगणाचा थोडासा उतार आहे फाटकापर्यंत. गाडी घरंगळली, ह्यांनी गिअर टाकला, तिनं एक आचका दिला, नळीतून फुर्रकन धूर सोडला आणि फाटकाच्या तोंडाशी जी थांबली ती थांबलीच. मामंजी बॉनेटला टेकून उभे राहिले. त्यांचा श्वास वर गेला होता, पण ते तसं दाखवणार नव्हते.

ह्यांनी बॅटरीची बुचं काढून एकेक भोक वाकून पाहिलं.

“पाणीच नाही आप्पा आत. दोन घरं तर ठणठणीत कोरडी.”

“मग मेली ती,” मामंजी म्हणाले. “दुसरीच पाहिजे.”

दुसरी बॅटरी कुठून आणायची, बंदच्या दिवशी? हे घरात जाऊन गावात दोन ठिकाणी फोन करून आले. एकानं उचलला नाही, दुसरा म्हणाला शटर वर केलं तर दगड येतील. देवघरातल्या घड्याळानं साडेनवाचा एक टोला दिला. मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते माझ्याकडं बघायचं टाळत होते.

बर्ड्यांची जीप मामंजींना आठवली. बर्डे आमचे शेजारी, मधे त्यांचं भाताचं खाचर. त्यांची जीप इंजिन खोलून महिनाभर गोठ्यात उभी होती. चालायची नाही, पण बॅटरी धडधाकट. गेल्याच आठवड्यात बर्ड्यांनी तिच्यावर उसाला लावायचा कसला तरी पंप चालवून दाखवला होता. हे सायकल घेऊन बांधावरून गेले.

तेवढ्यात जुनी काढून ठेवू, म्हणून मामंजी पाना घेऊन वाकले आणि मला चिमटा, पाना, फडकं हातात देत राहायला सांगितलं. काम करताना त्यांना बोलायला लागायचं, आणि माझ्यासारखी न बोलणारी ऐकायला मिळाली की ते खुलायचे. बॅटरी काढताना आधी काळी वायर काढायची, लावताना काळी शेवटी लावायची, म्हणाले, पण मेलेलीला काय पहिली आणि काय दुसरी. दोन्ही वायरी सोडवून त्यांनी बॅटरी उचलली, कुशीत धरून दोन पावलं गेले, पाठीत चमक निघाली म्हणून मधेच वळले, आणि कट्ट्यावर कशीबशी टेकवली. तिच्यावरच्या अधिक-उण्याच्या खुणा कधीच झिजल्या होत्या. आता तिची कुठली बाजू कुठं होती ते तीही सांगू शकली नसती.

हे परत आले ते घामानं निथळत. बॅटरी कॅरियरला सुताच्या दोरीनं बांधलेली. ती नवीच होती, वर ठसठशीत अधिक आणि उणे कोरलेलं.

“लाल कुठली यातली?” ह्यांनी इंजिनात डोकं घालून विचारलं.

दोन्ही वायरी काळ्या होत्या. मूळचा रंग तेलकट धुळीखाली गेला होता आणि वरून मेकॅनिकनं मागं कधीतरी दोन्हींना काळी टेप गुंडाळली होती. मामंजी चष्मा कपाळावर सारून वाकले.

“ही काय. दिसत नाही होय तुला? लाल आहे की चांगली.”

गाडीच्या पुढच्या दिव्याच्या बाजूला, अलीकडं जी वायर होती, तिच्या टोकाला खरंच लाल होतं. ग्रीसमध्ये बसून घट्ट झालेलं, गडद लाल.

“नक्की ना आप्पा?”

“अरे डोळ्यानं दिसतंय. तुला खेळ वाटला काय? उलटी लागली तर आतलं सगळं वायरिंग जळून जाईल, मग आठवडाभर गाडी विसरायची. ठेव ती अशी. अधिकाची बाजू इकडं घे.”

त्यांनी बॅटरी खाचेत बसवली, अधिकाची बाजू त्या लाल टोकाशी येईल अशी.

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. ते लाल मी ओळखलं होतं. ते कुंकू होतं.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली तेव्हा ताट मीच धरलं होतं. मामंजी दरवर्षी बॉनेट उघडून आतलीही पूजा करायचे. नुसत्या बाहेरच्या पत्र्याची काय पूजा करायची, चालतं ते आतलं, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांनी आधी फडक्यानं सगळं पुसलं. पुसताना पलीकडच्या, इंजिनाच्या बाजूच्या वायरीवरची लाल रबरी टोपी निघून आली. ती त्यांनी ताटात टाकली. मग हळद-कुंकू लावायला वाकले तर पाठीत चमक निघाली. पलीकडं हात न्यायचा सोडून त्यांनी अलीकडच्याच वायरीच्या टोकाला कुंकवाची बोटं टेकवली, वर अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. पूजा संपली, ताट आत आलं. टोपी टाकून द्यायला माझं मन होईना. देवघरातल्या तेलाच्या बाटलीचं बूच हरवलं होतं, तिला ती नेमकी बसली. तेव्हापासून रोज दोन वेळा दिवा लावताना ती टोपी माझ्या हातात असायची.

लाल टोपी पलीकडची. कुंकू अलीकडचं. मामंजी आपलंच कुंकू बघून त्याला रंग समजत होते.

मी पुढं होऊन त्यांच्या बाहीला हात लावला. ही माझी एवढ्या वर्षांतली पहिलीच वेळ असेल. मान हलवली, लाल टोकाकडं बोट केलं, पुन्हा मान हलवली.

“हो हो,” मामंजी म्हणाले, मायेनंच म्हणाले. “ह्या बॅटरीलाही कुंकू लावू की. आधी लागू दे सूनबाई, मग ताट आणा.”

मी जोरानं मान हलवली. ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मला घाबरू नको अशी खूण केली. “होतंय आता. पोचू आपण,” म्हणाले.

मी घरात धावले. देवघरातून बाटली घेतली आणि आले. टोपीच दाखवली तर कळेल, असं मला वाटलं होतं.

इकडं मामंजी ती अलीकडची वायर अधिकाच्या टोकावर बसवायला बघत होते आणि ती बसत नव्हती. वायरीच्या तोंडाची पकड लहान पडत होती, बॅटरीचं टोक जाड होतं. मी बाटली पुढं केली, टोपीवर बोट ठेवलं, मग पलीकडच्या वायरीवर बोट ठेवलं.

“वा,” मामंजी ह्यांना म्हणाले. “बघ, न बोलता कळतं. तेल पाहिजे हे तुला सुचलं नाही, तिला सुचलं.”

त्यांनी बाटली घेतली. लाल टोपी काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली, आणि देवाचं तेल चार थेंब त्या पकडीवर सोडलं. मग पेचकसानं पकडीची फट फाकवली आणि पान्याच्या मुठीनं वरून ठोकली. टक, टक, टक. पकड खाली उतरली.

मी त्यांच्या खिशाकडं बोट दाखवलं.

“देतो हो टोपी. कुठं पळून जात नाही.”

शब्द तोंडाशी आले होते आणि मी दातांनी ते धरले होते. माझ्यासमोर आई होती, खाटेवर मांडी घातलेली. बोलले तर तिचं काय होईल, आणि नाही बोलले तर तिच्यापर्यंत पोचणार कशी? देवापुढं पाणी सोडलेलं.

मामंजींनी दुसरी, पलीकडची वायर हातात घेतली होती. “ही बघ, एक घट्ट आणि ही ढिली. पट्टी घालावी लागणार. असू दे, आधी नुसती टेकवून बघू पेटते का.” त्यांनी ती उण्याच्या टोकावर आणली. एक बोटभर अंतर राहिलं होतं.

“मामंजी, थांबा. ते कुंकू तुम्ही लावलंय.”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मोठा नव्हता. पण रात्रभर न वापरल्यानं खरखरीत झाला होता, आणि त्या खरखरीमुळंच की काय, मामंजींचा हात हवेत राहिला.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मी काय केलं ते मला ह्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आता मोडलंच होतं, म्हणून मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, पाठीची चमक, ताटात पडलेली टोपी, तेलाची बाटली. चारच वाक्यं झाली असतील. मामंजींनी खिशातून टोपी काढून तळहातावर धरली. मग अलीकडच्या वायरीच्या टोकाला अंगठ्याचं नख घासलं. नखाखाली लाल भुकटी आली. तिच्यात तांदळाचा एक कण होता, तेलात काळा पडलेला.

मग ह्यांना हळूच म्हणाले, “काढ ती. फिरव बॅटरी.”

आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “मौन मोडलं की ओ तुमचं.”

मी खाली पडलेलं फडकं उचललं.

फिरवल्यावर पलीकडची वायर अधिकाच्या टोकावर आपली आपण बसली, जिथली तिथं गेल्यासारखी. मामंजींनी तिच्यावर लाल टोपी चढवली आणि दाबून बघितली. राहिली कुंकवाची वायर. ती बॅटरीच्या बारीक, उण्याच्या टोकाची होती आणि तिची पकड आता पेचकसानं फाकून बसलेली. आवळली तरी गोल फिरत होती. ह्यांनी पत्र्याची पट्टी शोधली, मिळाली ती गंजलेली. मामंजी म्हणाले, तांबं पाहिजे, तांब्याचं काहीतरी चपटं.

माझ्या उजव्या हातात तांब्याची अंगठी होती. साधी, चपट्या पट्टीची, टोकं न जोडलेली. पहिला नेम धरला तेव्हा आईनं घातलेली, म्हणजे लग्नाच्याही आधीची. ती मी काढली आणि ह्यांच्या हातात दिली. हे क्षणभर थांबले. मग त्यांनी ती चिमट्यानं सरळ केली, टोकाभोवती गुंडाळली आणि वरून पकड आवळली. हलली नाही.

किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

मामंजी फाटक धरून उभे राहिले. गाडी बाहेर पडताना त्यांनी खिडकीतून आत बघितलं. “जपून जा,” एवढंच म्हणाले.

वाटेत एका वळणावर झाडाची फांदी आडवी टाकलेली होती. ह्यांनी दवाखाना म्हटल्यावर बंदवाल्या माणसांनी ती उचलून वाट दिली. मी डबी दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि मनात एकच हिशेब चालला होता. मोडलं ते मोडलं. पण आता इथून पुढं तरी पाळू. जेवढं उरलंय तेवढं तरी देवाच्या पदरात घालू. आईजवळ जायचं, पायावर डोकं ठेवायचं, हात हातात घ्यायचा, अंगारा लावायचा. त्याला शब्द कशाला लागतात? दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत माझं पक्कं ठरलं होतं.

आईला हिरवा झगा चढवला होता आणि ती खाटेच्या मधोमध ताठ बसली होती. शेजारी स्ट्रेचर लावलेलं. अण्णा दाराशी येरझाऱ्या घालत होता. सर्जन येऊन हात धुवायला गेलेत, त्यांनी दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा पाठवणार नाहीत, असं त्यानं ह्यांना दबक्या आवाजात सांगितलं. मग मोठ्यानं म्हणाला, “आई, इंदू आली बघ.”

मी वाकून तिच्या पायावर डोकं ठेवलं.

“कोण ते?” आई म्हणाली.

“अगं इंदू.”

“बोल म्हणावं तिला.”

अण्णानं माझ्याकडं बघितलं. त्याला माझं मौन माहीत होतं. सकाळी ह्यांनीच सांगितलं होतं. तो म्हणाला, “आई, तिचं मौन आहे तुझ्यासाठी.”

“मौन,” आई म्हणाली. “बरं सुचलं तुला. मघाशी त्या नर्सबाईला इंदू म्हणून उभी केलीस ती पण मुकीच होती.”

अण्णाची मान खाली गेली. म्हणजे तसं त्यानं खरंच करून बघितलं होतं. बिचारा सकाळपासून एकटा होता.

मी आईचा हात हातात घेतला. तिनं माझी बोटं चाचपली, फुलं चाचपायची तशी, एकेक. उजव्या हाताच्या त्या बोटाशी येऊन थांबली. पुन्हा चाचपलं. बोट मोकळं होतं.

तिनं माझा हात बाजूला सारला.

“ही इंदू नव्हे. इंदूच्या बोटात माझी अंगठी असते. तिनं ती कधी काढलेली नाही. मला फसवून आत घालू नका रे. मला काय ती दिसणार होती होय? मी तिचा आवाज ऐकायला थांबल्येय. आत गेल्यावर काय होईल ते कुणाला ठाऊक, एकदा कानावर पडू दे म्हटलं, एवढंच.”

दारात नर्स येऊन उभी राहिली.

मी सगळा रस्ता काय ठरवत आले होते ते मला तेव्हा कळलं. फाटकाशी मी न बोलताच गाडी चालू झाली असती आणि मी मौनासकट इथं पोचले असते, तर मी तिच्यासमोर अशीच उभी राहिले असते, हात जोडून, आणि ती मला न भेटताच परत खाटेवर आडवी झाली असती.

“आई,” मी म्हणाले. “मीच आहे.”

तिनं मान माझ्याकडं वळवली. चेहरा फुलला.

“घसा बसलाय तुझा.”

“हो.”

“आणि अंगठी?”

“सांगते. आधी आडवी हो.”

ती आडवी झाली. कुणाला हात लावू न देता आपली आपण स्ट्रेचरवर सरकली आणि माझा पदर मुठीत धरून ठेवला. नर्सनं स्ट्रेचर ढकललं. मी बरोबरीनं चालू लागले, आणि तिनं बोल म्हटलं म्हणून बोलू लागले. एका वेळी एवढं मी आयुष्यात बोलले नसेन. गाडी कशी टक् करून बसली, सोडा कसा फसफसला, धक्का मारताना माझी चप्पल कशी मागं राहिली, हे सायकलवरून बॅटरी कशी घेऊन आले. मामंजींना लाल दिसलं ते कुंकू निघालं, हे सांगितलं तेव्हा तिनं ढकलणाऱ्या नर्सचा हात धरून स्ट्रेचर थांबवलं.

“व्याह्यांनी बॅटरीला कुंकू लावलं?”

“आणि अक्षता.”

“आणि मग तेच बघून म्हणाले ही लाल?”

“नमस्कारसुद्धा केला होता खंडेनवमीला.”

आई हसायला लागली. पोट धरून हसायला लागली, आणि पोटात दुखलं म्हणून “आई गं” म्हणाली आणि पुन्हा हसली. नर्सही हसली. दार आलं तेव्हा मी तेलाच्या बाटलीपर्यंत पोचले होते. तिनं माझा पदर सोडला. दोन्ही दारं आत उघडली, मिटली, आणि मिटल्यावरही तिचं हसणं काही वेळ ऐकू येत होतं.

मी बाहेरच्या बाकावर बसले. ह्यांनी पाणी आणून दिलं, अण्णानं काही विचारलं. तिला बाहेर आणेपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलले नाही.

गाठ निघाली. दिवेलागणीला ती शुद्धीवर आली. ओठ कोरडे पडले होते, जीभ जड होती. मी कापूस पाण्यात बुडवून तिच्या ओठांवरून फिरवला. तिनं माझा हात धरला, बोटांवरून बोट फिरवत मोकळ्या बोटाशी आली आणि तिथंच थांबली.

“अंगठीचं राहिलं सांगायचं,” ती म्हणाली.

मी स्टूल जवळ ओढलं आणि तेलाच्या बाटलीपासून पुढं सांगायला लागले.